सोरायसिस आणि आहार : पथ्य किती, समज किती?

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दिवाळीची सुट्टी संपवून मुली वसतिगृहात परतल्या होत्या. सातवीतल्या एका मुलीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कपाळावरच्या केसांच्या कडेने लालसर चट्टे उठले होते. त्यांवरून चंदेरी खपल्या गळत. पहिल्या आठवड्यात तिच्या शेजारची खाट रिकामी झाली. दुसऱ्या आठवड्यात तिचे ताट आणि पेला वेगळ्या फळीवर गेला. हे कोणी ठरवून केले नव्हते, पण कोणी थांबवलेही नाही. भोजनगृहात देखरेखीला मी होते आणि मीही काही बोलले नाही. ज्या भिंतीवर महाडच्या सत्याग्रहाचे चित्र लावलेले होते, त्याच भिंतीखाली एका लेकराचे ताट वेगळे झाले होते.

तिच्या घरच्यांनी तिला आणखी एक शिक्षा नकळत दिली होती. कोणाच्या तरी सांगण्यावरून अंडी, मासे, मटण, तुरीची डाळ, वांगे, दही आणि सगळे आंबट पदार्थ बंद करण्यात आले होते. या वर्ज्य पदार्थांची यादी आणि राखाडी रंगाच्या पुड्या आईने तिच्याबरोबर पाठविल्या होत्या. त्या माउलीचा हेतू निर्मळ होता. तरीही परिणाम असा झाला की, बाहेरून ताट वेगळे झाले आणि आतून ते रिकामे झाले.

त्या मुलीला झालेला आजार सोरायसिस होता. आज आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत हा आजार आहे आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो : "काय खायचे नाही?" या प्रश्नाचे उत्तर ऐकीव गोष्टींवर न सोडता पुराव्याच्या आधारे शोधावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. मी वैद्यकाची अभ्यासक नाही, इतिहासाची आहे. परंतु साधन तपासल्याशिवाय विधान स्वीकारू नये, ही शिस्त दोन्ही शास्त्रांत सारखीच आहे. कालामांना तथागतांनी केलेला उपदेशही याहून वेगळा नाही.

रोगाचे स्वरूप

आपल्या त्वचेच्या पेशी खालच्या थरात तयार होतात, हळूहळू वर येतात आणि गळून पडतात. या क्रमाला साधारणतः एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा चुकून उत्तेजित होते आणि हाच क्रम अवघ्या काही दिवसांत उरकला जातो. अर्धवट वाढलेल्या पेशींचे थर साचतात व त्यांच्या खपल्या होतात. आनुवंशिकतेचा त्यात वाटा असतो. घशाचा जंतुसंसर्ग, त्वचेला झालेली इजा, मानसिक ताण, धूम्रपान, मद्यपान आणि काही औषधे यांमुळे तो उफाळू शकतो. लहान मुलांत व तरुणांत घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे ठिपके उठण्याचा एक प्रकार आढळतो. वसतिगृहे चालविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. काही रुग्णांचे सांधेही सुजतात. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचे प्रमाण या रुग्णांत अधिक असते.

हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका बिछान्यावर झोपल्याने किंवा एकच कंगवा वापरल्याने पसरत नाही. 2014 साली जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसविषयी जो ठराव संमत केला, त्यात तो असंसर्गजन्य असल्याचे नमूद करून रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाकडे सर्व राष्ट्रांचे लक्ष वेधले. दरवर्षी 29 ऑक्टोबर हा दिवस जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो.

जुना गोंधळ, जुना बहिष्कार

या भेदभावाला इतिहास आहे. युरोपात शतकानुशतके सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत राहिली. लंडनचे वैद्य रॉबर्ट विलन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी त्वचारोगांचे काटेकोर वर्गीकरण केले. पण त्यांनीही या रोगाच्या एका प्रकाराला 'लेप्रा' हेच नाव ठेवले. पुढे 1841 साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी सोरायसिस हा कुष्ठरोगाहून सर्वस्वी निराळा असल्याचे स्पष्ट केले. आपल्याकडेही प्राचीन वैद्यकात 'कुष्ठ' हा शब्द अनेक त्वचारोगांसाठी एकत्रित वापरला जाई. चुकीच्या नावाची शिक्षा माणसांना भोगावी लागली. आज कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो. म्हणून "हा कुष्ठरोग नाही, तेव्हा याला जवळ करा" असे म्हणणेही अपुरे आहे. कोणत्याही रोग्याला दूर लोटण्याचे कारण उरलेले नाही, असेच म्हटले पाहिजे.

पूतिगत्त तिस्स या भिक्खूची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. त्याचे अंग फोडांनी भरले, चीवर पू-रक्ताने माखले, तेव्हा सोबत्यांनी त्याला टाकून दिले. तथागतांनी स्वतः पाणी तापविले, त्याला स्नान घातले, त्याचे चीवर धुवविले आणि मगच त्याला धम्म सांगितला. हा क्रम शिक्षकांनी व पालकांनी नीट पाहावा. सेवा आधी झाली, उपदेश नंतर आला.

आहाराविषयी पुरावा काय सांगतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आहार बदलल्याने सोरायसिस बरा होतो का? नाही. आहार बदलल्याने तो आटोक्यात ठेवण्यास मदत होते का? काहींना निश्चित होते आणि त्यांतील सर्वांत भक्कम पुरावा वजनासंबंधी आहे.

शरीरातील चरबी ही केवळ साठवण नाही. दाह वाढविणारी द्रव्ये तिच्यातून स्रवतात आणि सोरायसिस हा मुळात दाहाचा रोग आहे. इटलीत जास्त वजनाच्या 303 रुग्णांवर झालेल्या व 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांची औषधे चालू ठेवून एका गटाला 20 आठवडे बेताचा आहार व व्यायाम यांचा कार्यक्रम दिला गेला. दुसऱ्या गटाला केवळ माहिती देण्यात आली. पहिल्या गटात रोगाची तीव्रता 48 टक्क्यांनी घटली, तर दुसऱ्यात सुमारे 25 टक्क्यांनी. डेन्मार्कमध्ये 60 स्थूल रुग्णांवर झालेल्या 2013 सालच्या अभ्यासात कमी उष्मांकाच्या आहाराने 16 आठवड्यांत दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी 15 किलो अधिक वजन उतरले. तेथे चट्टे कमी झाल्याचे दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही. रुग्णांचे दैनंदिन जगणे मात्र स्पष्टपणे सुधारले. अर्थात असा कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. घरी उपास करून त्याचे अनुकरण करू नये.

फ्रान्समध्ये 35 हजारांहून अधिक लोकांच्या आहाराची पाहणी झाली (2018). भाज्या, फळे, डाळी, अख्खी धान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल हा भूमध्यसागरी प्रदेशाचा आहार जे अधिक पाळत, त्यांच्यात तीव्र सोरायसिस कमी आढळला. परंतु ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी अमेरिकेतील राष्ट्रीय सोरायसिस प्रतिष्ठानाच्या वैद्यकीय मंडळाने 55 अभ्यास पडताळून शिफारसी केल्या. वजन जास्त असलेल्यांनी कमी उष्मांकाच्या आहाराने ते उतरवावे, ही शिफारस ठाम होती. गव्हातील ग्लुटेन वर्ज्य करण्याचा सल्ला मात्र रक्ततपासणीत ग्लुटेन सोसत नसल्याची खूण आढळलेल्यांपुरताच, तोही सौम्य शब्दांत दिला गेला. ही तपासणी करण्याआधीच गहू सोडला तर निदान चुकू शकते, म्हणून आधी तपासणी, मग निर्णय. माशांच्या तेलाच्या गोळ्यांविषयीचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. त्यांवर घरातील पैसा उधळू नये.

मद्य मात्र सोडलेलेच बरे. ते रोग वाढवू शकते, उपचारांचा गुण कमी करते आणि मेथोट्रेक्सेटसारखे औषध चालू असताना यकृताला दुहेरी इजा करते. पंचशील ग्रहण करणाऱ्याला मद्याविषयी निराळे कारण लागू नये. तरीही ज्याला लागते, त्याच्यासाठी हे एक कारण पुरेसे आहे.

भोजनातील मात्रा

संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. राजा दोणभर तांदळाचा भात खाई. एकदा जेवून तो धापा टाकीत तथागतांकडे आला. त्यांनी त्याला भोजनात मात्रा राखण्याचा उपदेश केला. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती गाथा पाठ केली आणि रोज जेवणाच्या वेळी तो ती राजाला ऐकवू लागला. राजाचे जेवण क्रमाक्रमाने नाळीभर भातावर आले आणि अंग हलके झाले. यात राजाला उपाशी ठेवलेले नाही, कोणताही पदार्थ अपवित्र ठरविलेला नाही आणि बदल एका रात्रीत घडविलेला नाही. मात्रा, सातत्य आणि आठवण करून देणारा एक सोबती, एवढ्याच तीन गोष्टी आहेत. आजचे आहारतज्ज्ञ याहून फारसे वेगळे सांगत नाहीत.

आपल्या ताटात काय असावे?

भूमध्यसागरी आहार हे नाव ऐकून कोणी महागड्या ऑलिव्ह तेलामागे धावू नये. त्या आहाराचे मर्म आपल्या स्वयंपाकघरात आहे. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, उसळी, डाळ, शेपू-मेथी-अंबाडीसारख्या पालेभाज्या, जवसाची व कारळाची चटणी, मूठभर शेंगदाणे आणि हंगामातील स्वस्त फळ हे सारे आपल्या आवाक्यातले आहे. ज्यांना खरोखर ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी या तिन्ही भाकऱ्या आपसूकच निर्दोष आहेत. कमी करायचे ते साखरेचा चहा, शीतपेये, बिस्किटे, वेफर्स, फरसाण, वडापाव आणि वारंवार तळलेले पदार्थ.

मांसाहाराविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. अंडी, मासे किंवा कोंबडी यांच्यामुळे सोरायसिस होतो असा पुरावा नाही. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने कोड उठते, ही समजूतही निराधार आहे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतील स्निग्धांश हृदयालाही हितकारक आहेत. सुके बोंबील व सुकट यांतील मीठ मात्र रक्तदाब असलेल्यांनी जपून घ्यावे, ते आधी धुऊन घ्यावे. लाल मांस बेताने खावे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर चट्टे वाढतात असे कोणाला वाटत असेल, तर त्याने काही आठवडे वहीत नोंद ठेवावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी. पण मांसाहाराला मुळातच अशुद्ध मानणाऱ्या समजुती पथ्याच्या नावाखाली गरिबाच्या ताटात शिरतात, तेव्हा त्यांना वैद्यक म्हणू नये. ज्या घरात प्रथिनांचा स्वस्त आधार अंडे, डाळ आणि सुकट एवढाच आहे, तेथे हे तिन्ही काढून घेतल्यावर मुलांच्या वाढीला काय उरते?

पुड्यांपासून सावधान

आहार हा उपचाराचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे. मलमे, प्रकाशोपचार, गोळ्या व इंजेक्शने अशी उपचारांची वाढती श्रेणी त्वचारोगतज्ज्ञांकडे उपलब्ध आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध सोरायसिससाठी सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. नाव-घटक नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. आरंभी झपाट्याने गुण दिसतो आणि पुडी थांबताच रोग दुप्पट जोराने उसळतो.

त्या मुलीचे नेमके तसेच झाले. पुड्या संपल्या आणि दहा-बारा दिवसांत सर्व अंग लाल झाले, ताप भरला. जिल्ह्याच्या ठिकाणी तिला रुग्णालयात ठेवावे लागले. तेथील डॉक्टरांनी वर्ज्य पदार्थांची ती यादी वाचली, तिचे वजन केले आणि आम्हाला विचारले, "हिला औषधाबरोबर जेवण कोण देणार?" वजन उतरविण्याचा सल्ला वजन जास्त असलेल्यांना. या वाढत्या वयाच्या, अंगाने रोडावलेल्या मुलीला पोटभर अन्नाची गरज होती. रोग एक असला तरी पथ्य सर्वांना एक नसते, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

ती परत आली तेव्हा यादी फाडून टाकली होती. तिच्या ताटात अंडे वाढले आणि ताट घेऊन मी तिच्या शेजारी पंगतीला बसले. दोन दिवसांनी मुलीही येऊन बसल्या. मुलांना समजावणे अवघड नव्हते, आम्ही मोठ्यांनी ते आरंभीच करायला हवे होते. तिचे चट्टे कायमचे गेले नाहीत. ते अधूनमधून येतात, उपचाराने शमतात. पण ते आले म्हणून तिचे ताट पुन्हा कधी फळीवर गेले नाही.

ही स्मरणिका माजी विद्यार्थिनींच्याही हाती जाईल, तशी तिच्याही जाईल. त्या पहिल्या पंधरवड्यातील माझ्या मौनाबद्दल तिची क्षमा मागणे राहून गेले होते. ती येथे मागते. आणि आपल्या घरी, शेजारी, वसतिगृहात असे चट्टे दिसले, तर काय खायचे नाही हे विचारण्याआधी ते लेकरू कोणाबरोबर जेवते आहे, हे पाहावे, एवढी विनंती करते.

जय भीम!