माते पितोस, तर एवढं ऐक

मोहगाव (हवेली),
ता. सौसर, जि. पांढुर्णा

चि. सौरभ यास,


परवा फोनवर तू घाईत होतास. जे सांगायचं ते तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सावकाश लिहितोय. वेळ काढून वाच.

सिगारेट सुटली हे ऐकून फार बरं वाटलं. रात्रपाळीच्या नोकरीत, सगळे खाली टपरीवर जात असताना आपण जागेवर बसून राहणं सोपं नाही. त्या जागी तू ते येर्बा माते घेतोस, थर्मास भरून ठेवतोस आणि पहाटेपर्यंत नळीनं ओढत बसतोस, हेही कळलं. पण छातीत धडधडतं, सकाळी झोप लागत नाही असं म्हणालास, आणि त्याच दमात आईसाठी दोन पाकिटं पाठवतो म्हणालास. ‘झाडपाल्याचंच तर आहे मामा, त्यानं काय होणार?’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

माते हे दक्षिण अमेरिकेतल्या एका सदाहरित झाडाचं पान. पॅराग्वे, अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील हा त्याचा मुलूख. ग्वारानी लोक ते पिढ्यान्‌पिढ्या पीत आले. जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकात त्याच्या बागा लावल्या. एमे बोंप्लां नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची लागवड करू लागला, तेव्हा पॅराग्वेचा हुकूमशहा फ्रान्सिया यानं १८२१ साली त्याला पकडून नेलं आणि जवळजवळ दहा वर्षं देश सोडू दिला नाही. इतका त्या पानावर त्यांचा जीव. तेव्हा कुणाच्या पिढीजात पेयाला मी नावं ठेवतोय असं समजू नकोस. ते लोक काय पितात यापेक्षा कसं पितात हे तू समजून घ्यावंस, एवढीच माझी इच्छा आहे.

‘मातेनं कॅन्सर होतो’ असं तू कुठेतरी वाचलंस आणि अफवा म्हणून सोडून दिलंस. ती अफवा नव्हती, आणि जशी वाचलीस तशी खरीही नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये लिआँ इथे आहे. तिनं १९९१ साली गरम माते ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं. उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये अन्ननलिकेचा कर्करोग जास्त दिसत होता, आणि माते पिणाऱ्यांत तो अधिक आढळत होता. पुढे २०१६ साली १० देशांतले २३ शास्त्रज्ञ पुन्हा बसले आणि त्यांनी सगळा पुरावा नव्यानं तपासला. त्यात पानावरचा आरोप टिकला नाही. थंड किंवा कोमट माते कर्करोगकारक आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी ठरवलं. दोष लागला तो ६५ अंश सेल्सिअसच्या वर गरम असलेल्या पेयाला. मग ते माते असो, चहा असो की नुसतं पाणी. अन्ननलिकेचं नाजूक अस्तर रोज पोळत राहिलं, पेशी मरत आणि नव्यानं वाढत राहिल्या, की बिघाडाला वाव मिळतो. तुझी धातूची नळी तर कढत घोट ओठ-जीभ टाळून थेट आत नेते. जिभेनं ‘थांब’ म्हणायची संधीच राहत नाही.

आता हे आपल्या घराला कसं लागू पडतं ते बघ. इराणच्या गोलेस्तान प्रांतात ५० हजारांवर माणसांना वर्षानुवर्षं तपासलं. ती माणसं आपल्यासारखाच साधा काळा चहा पिणारी. ६० अंश किंवा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरच्या वर पिणाऱ्यांत, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत, अन्ननलिकेचा कर्करोग ९० टक्क्यांनी जास्त आढळला. हा अभ्यास २०१९ साली छापून आला. त्याआधी एक वर्ष चीनमधल्या साडेचार लाख लोकांचा अभ्यास आला होता, तो मला अधिक मोलाचा वाटतो. तिथे नुसत्या कढत चहानं धोका वाढलेला दिसला नाही. कढत चहाच्या जोडीला सिगारेट असली तर तो दुप्पट झाला, आणि रोजची दारू असली तर पाचपट. पोळलेल्या अस्तरावर तंबाखूचं विष पडतं तेव्हा काय होतं, ते त्या आकड्यांत दिसतं. म्हणून सिगारेट सोडलीस हे तू केलेलं सगळ्यात मोठं काम आहे, बाकी सगळं त्यानंतर. आणि म्हणूनच इथे सौसर-पांढुर्ण्याच्या टपऱ्यांवर पोरं गालात खर्रा धरून वर वाफाळता चहा घेतात, ते बघून मला राहवत नाही. खर्ऱ्यातली तंबाखूही तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग करते, हे सिद्ध झालेलं आहे. मी त्यांना सांगतो. काही ऐकतात.

प्रयोगशाळेत वापरतात तसा काचेचा एक तापमापी माझ्याकडे आहे. तुझ्याशी बोलणं झाल्यावर मी तो चहात धरून पाहिला. गंज चुलीवरून उतरवून स्टीलच्या ग्लासात चहा गाळला तेव्हा पारा ऐंशीच्या वर होता. तोच चहा बशीत ओतला तर मी आकडा नीट वाचेपर्यंत साठाखाली आला. ग्लासातला मात्र बराच वेळ सत्तरच्या आसपास रेंगाळला. थर्मासात तर तुझं पाणी सगळी रात्र तसंच राहत असणार. म्हणून आधी झाकण काढून पाणी निवू दे, मग पानांवर ओत. पॅराग्वेत उन्हाळ्यात हेच पान बर्फाच्या पाण्यात भिजवून पितात, त्याला ते तेरेरे म्हणतात. तुझ्यासाठी तेच चांगलं.

दुसरी गोष्ट धुराची. पारंपरिक पद्धतीत ही पानं आधी ज्वाळेवर शेकतात आणि मग लाकडाच्या धगीवर सुकवतात. त्या धुरातून जी हायड्रोकार्बन पानांवर बसतात, त्यांत बेंझोपायरिनही असतं. तंबाखूच्या धुरात असतं तेच. धुराशिवाय सुकवलेलं मातेही मिळतं आणि पाकिटावर तसं छापलेलं असतं. प्यायचंच असेल तर ते घे. सिगारेट सोडून तोच धूर पानातून पोटात घालण्यात अर्थ नाही.

आता तुझी धडधड. तुला वाटतं सिगारेट सुटल्यामुळे अंग तिची मागणी करतंय. थोडं तेही असेल, पण याला आणखी एक कारण आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरानं यकृतातलं एक विकर जास्त जोमानं काम करू लागतं, आणि कॅफीन मोडण्याचं काम त्याच विकराकडे असतं. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातून कॅफीन लवकर निघून जातं ते त्यामुळे. सिगारेट सुटली की थोड्याच दिवसांत तो वेग उतरतो, आणि पूर्वी पचत होता तेवढाच चहा आता दुप्पट जाणवू लागतो. तू तर त्याच काळात नवं कॅफीन सुरू केलंस. मातेच्या सुक्या पानात साधारण एक टक्का कॅफीन असतं. तू म्हणतोस तसं रात्रभरात ५० ग्रॅम पानांवर पाणी ओतत राहिलास, तर त्या पानांत अर्धा ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅफीन आहे. सगळं पाण्यात उतरत नाही, तरी बरंच उतरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घालून दिली आहे, आणि त्यात तुझे दुपारचे चहा-कॉफीही धरायचे. पान निम्मं कर. मध्यरात्रीनंतर घेऊच नकोस. आठवडाभरात धडधड थांबली नाही, तर एकदा डॉक्टरांकडून ईसीजी काढून घे. आणि मधेच कशासाठी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या लागल्या, तर तेवढे दिवस माते बंद. त्या गोळ्याही कॅफीन मोडू देत नाहीत.

फायदे काहीच नाहीत असं मी म्हणणार नाही. पानात क्लोरोजेनिक आम्ल भरपूर आहे, कॉफीत असतं तेच. ब्राझीलमध्ये २००९ साली १०२ लोकांना रोज तीन वेळा एकेक मोठा ग्लास माते ४० दिवस दिलं, तेव्हा त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल साधारण आठ-नऊ टक्क्यांनी उतरलं. हे चांगलंच आहे. पण चाळीस दिवसांच्या अभ्यासावरून आयुष्यभराचं सांगता येत नाही. आणि ‘वजन उतरवणारा चहा’ म्हणून तुझ्या पाकिटावर जे छापलंय, त्यावर भरवसा ठेवून रात्रीचं जेवण टाळू नकोस. भूक मरते ती कॅफीननं. डब्यात दोन भाकरी आणि तुरीचं वरण घेऊन जा.

आता ताईचं, म्हणजे तुझ्या आईचं. तिला माते पाठवू नकोस. हे मी विनंती म्हणून नाही, भावाच्या हक्कानं सांगतोय. तिचं हिमोग्लोबिन कमी आहे, ती लोहाच्या गोळ्या घेते, आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी असते. चहा, कॉफी, माते या सगळ्यांतली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळा, असं त्याच मार्गदर्शिकेत म्हटलंय. थायरॉइडच्या गोळीवर लगेच असं काही प्यायलं, तर तीही नीट शोषली जात नाही. तू पाठवलेलं आहे म्हणून ती कौतुकानं सकाळीच पिईल, गोळीच्या मागोमाग. मग तपासणीत आकडे बिघडतील, डॉक्टर गोळी वाढवतील, आणि मूळ कारण कुणाच्या लक्षात यायचं नाही. तिचा आत्ताचा चहाच गोळीनंतर तासभर लांबवायला हवा आहे. तू सांगितलंस तर ऐकेल. मी सांगून थकलो.

‘झाडपाल्याचं आहे’ हे तू परदेशी पानाबद्दल म्हणालास, पण मला ते आपल्या झाडपाल्याबद्दलही मान्य नाही. तामियाच्या बाजारात पातालकोटची जडीबुटी येते. तिथले भारिया जमातीचे भुमका, म्हणजे वैदू, कोणतं मूळ कुणाला, किती आणि किती दिवस द्यायचं ते जाणून असतात, ते ज्ञान मी मानतो. कोरोनात मात्र लोकांनी असं कुणालाच न विचारता महिनोन्‌महिने गुळवेलीचा काढा घेतला. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांची नोंद छापली, त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. पुढच्या वर्षी देशभरातल्या अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला. वाद कुणीही जिंको, पिणाऱ्याला आपण कोणती वेल उकळतोय हे माहीत नव्हतं आणि किती दिवस घ्यायची हेही नव्हतं, हे दोन्ही बाजूंच्या बोलण्यातून निघतंच. तुझ्या पाकिटावर झाडाचं शास्त्रीय नाव आहे का, ते बघ. इलेक्स पॅराग्वेरिएन्सिस असायला हवं. त्याच्याबरोबर सोनामुखी किंवा आणखी कशाची भर घातली असेल, तर ते पाकीट उघडूच नकोस. सोनामुखी जुलाबाचं औषध आहे, ती रोज प्यायची नसते.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की तू येणारच आहेस. तेव्हा पाकीट घेऊन ये, आपण त्यावरचं सगळं बारीक अक्षर वाचू. ताईच्या रक्ताच्या तपासणीचे मागचे कागदही तिच्याकडून मागून आण, मला हिमोग्लोबिनचे आकडे बघायचे आहेत. बायकोला आशीर्वाद सांग. पुढेमागे घरात पाळणा हलायचा असेल, तर तिचं माते आधीच बंद कर. गरोदरपणात कॅफीनची मर्यादा आणखी खाली येते, २०० मिलिग्रॅम, आणि माते प्यायचा तुमचा दोघांचा भोपळा एकच आहे हे मला माहीत आहे.

तुझा,
मामा