शनिवारची गोष्ट पुरती ऐका

‘बाई, शनिवारी नाही पाठवलं तर चालेल ना? त्या दिवशी कुठे काय शिकवता?’ हा प्रश्न शाळेच्या फाटकाशी, एसटीच्या थांब्यावर, मासळी बाजारात, कुठेही कानावर येतो. विचारणाऱ्या आईला शाळेबद्दल राग नसतो. तिला सकाळीच मासळीची पाटी घेऊन पालघर नाहीतर बोईसरचा बाजार गाठायचा असतो. धाकटं घरी रडत असतं. आठ-नऊ वर्षांची थोरली एक दिवस घरी राहिली तर तेवढाच हाताला हात. बाप बोटीवर, नाहीतर बोईसरच्या कारखान्यात पाळीला. मग ज्या दिवशी दप्तरसुद्धा न्यायचं नाही, तो दिवस बुडाला तर बुडाला, असं वाटणारच. पालकहो, त्याच दिवसाबद्दल आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

शनिवारचा हा उपक्रम शिक्षकांनी आपल्या मनाने काढलेला नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ ठरवून दिला. योगासनं आणि ध्यान, स्वतःच्या तब्येतीची काळजी, आपत्तीच्या वेळी काय करायचं, रस्त्यावरची सुरक्षितता, रोजच्या जगण्यातला पैशांचा व्यवहार, आपसातली नाती कशी सांभाळायची, असे विषय त्यात आहेत, आणि ते खेळातून, हातांनी काहीतरी करत शिकायचे आहेत. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना शाळा सुचवली होती. त्याच्याही किती तरी आधी, १९९३ मध्ये, प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने सांगून ठेवलं होतं की मुलाच्या पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजता शिकण्याचं ओझं जास्त वाईट.

आता तुमच्या मुलीच्या बाजूने हा दिवस पाहा. तिसरीतली मुलगी. शनिवारी पाठीवर काही नाही, त्यामुळे ती चालत नाही, धावतच येते. परिपाठ मैदानात होतो. मग लंगडी, लगोरी, लिंबू-चमचा. त्यानंतर बाई सगळ्यांना गोल बसवतात आणि विचारतात, ‘उद्या भरती किती वाजता येईल?’ आमच्या मुरबे गावातल्या मुलांना हा काय प्रश्न आहे! समोर खाडी, पलीकडे सातपाटी. भरती-ओहोटी बघतच ती मोठी झालेली असतात. पण वेळ सांगायची कशी, हे बहुतेकांना येत नाही. एखाद्याला आजोबांचं ऐकून माहीत असतं: तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीनला भरती. उद्या पंचमी, पावणेचार. परवा षष्ठी, साडेचार. अष्टमीला सहा. बाई भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढतात, मुलं त्याच्याभोवती गुडघ्यांवर रेलतात, आणि ज्या अपूर्णांकाने पुस्तकात रडवलेलं असतं त्याच्याशी मारामारी सुरू होते. सप्तमीला किती? कोणी सव्वापाच म्हणतं, कोणी पावणेसहा. एक जण बोटांवर मोजून मोजून पाऊण तास पुढे पुढे नेत सव्वापाचावर येतो आणि ओरडतो. मग पौर्णिमेनंतर काय करायचं, यावर वाद होतो. पुन्हा एकपासून मोजायचं, हे मुलं स्वतः शोधून काढतात.

हा शनिवारचा ‘खेळ’. यात पाऊण, सव्वा, साडे आहेत, चंद्राच्या कला आहेत, घड्याळ आहे, आजोबांचं ज्ञान आहे. परीक्षेत यातलं काही जसंच्या तसं येणार नाही, हे खरं. पण पुढे कधी ‘तीन छेद चार’ फळ्यावर दिसलं की ही मुलगी घाबरणार नाही. तिने त्या तीन छेद चारावरून समुद्राची वेळ काढलेली असेल.

हीच मुलगी घरी येते. उंबऱ्यातूनच तिचं सुरू होतं, आणि ते सगळं उलटसुलट असतं. ‘आई, आज ना, तो आहे ना, त्याने सव्वापाच सांगितलं, आणि बाईंनी कॅलेंडर काढलं, आणि मी लंगडीत दोन जणांना बाद केलं, आणि सप्तमी…’ तेवढ्यात आपण विचारतो, ‘ते राहू दे, शिकलीस काय ते सांग.’ झालं. मुलगी थांबते. तिच्या हिशेबाने ती शिकलेलंच सांगत होती. तिला वेगळं काही सांगता येत नाही, म्हणून ती म्हणते, ‘काही नाही.’ आणि आपली खात्री पटते की शनिवारी खरंच काही शिकवत नाहीत.

माझी मनापासून विनंती आहे, हा एक प्रश्न शनिवारपुरता बाजूला ठेवा. त्याऐवजी नुसतं ‘मग?’ म्हणा. भाकऱ्या थापता थापता, मासळी साफ करता करता म्हणा; त्यासाठी वेगळं बसायला नको. ‘मग कोण जिंकलं? तुला कसं कळलं सव्वापाच? आपण उद्या बंदरावर बघू या का, खरं होतं की नाही?’ मूल पाहिलेलं, केलेलं दुसऱ्याला समजेल असं सांगायला लागतं, तेव्हा त्याला घटना क्रमाने लावाव्या लागतात, शब्द शोधावे लागतात, कारण द्यावं लागतं. वर्गात याला आम्ही अनुभवकथन म्हणतो आणि त्याच्यासाठी धडपडतो. ते तुमच्या चुलीपाशी आपसूक घडत असतं. ते तोडू नका. शाळेतला अर्धा दिवस तिथे पुरा होतो.

आणि मूल घरी तुमच्याच बोलीत सांगत असेल, तर सांगू द्या. ‘शाळेत जातेस आणि अजून असंच बोलतेस?’ म्हणून मध्येच सुधारू नका. पुस्तकातली भाषा ते शाळेत शिकणारच आहे. गोष्ट सांगायचं बळ मात्र घरच्या बोलीतच येतं.

दप्तराविना शिकण्याचा असाच आणखी एक दिवस असतो. वर्षातून एकदा शाळेत बाल आनंद मेळावा भरतो, मुलं त्याला खाऊबाजारच म्हणतात. तो दिवस म्हणजे मुलांची दिवाळी. कोणी भेळ आणतं, कोणी चवळीची उसळ, कोणी वडे, उन्हाळा लागला असेल तर ताडगोळे, आणि एखाद्या टेबलावर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. शाळेला उत्साह, गावाला उत्साह. फक्त एका गोष्टीने जीव थोडा खट्टू होतो. टेबलामागे मूल कमी आणि आईच जास्त दिसते. पदार्थ आईने केलेला, मांडणी आईची, पैसे आईच्या हातात, आणि मूल बाजूला नव्या कपड्यांत फोटोपुरतं उभं.

दोन मुलींचं लिंबू सरबताचं टेबल डोळ्यांसमोर आणा. लिंबं ४० रुपयांची, साखर २५ ची, बर्फ २० चा. एक पेला ५ रुपयांना. पहिल्या घागरीत मीठ जास्त पडलं, म्हणून आणखी साखर आणायला एक जण घरी पळाली. दुसरीपुढे कोणीतरी ५० ची नोट धरली आणि सुट्टे नव्हते. ती शेजारच्या भेळवाल्या मुलाकडे गेली, त्याने सुट्ट्याच्या बदल्यात एक पेला फुकट मागितला. वर्गातल्या मित्राने ‘उद्या देतो’ म्हणून दोन पेले प्यायले. शेवटी २६ पेल्यांचे १३० रुपये झाले. दोघी खूश, ‘एकशे तीस रुपये फायदा!’ मग एकीच्या लक्षात आलं की लिंबांचे पैसे बाबांना परत द्यायचेत. साखर आठवली. बर्फ सगळ्यात शेवटी आठवला. ८५ वजा झाले. ४५ उरले, त्यातले १० मित्राकडे उधार. दोघींत ३५ कसे वाटायचे? सतरा आणि अठरा. अठरा कोणाला? जी साखरेसाठी पळाली तिला.

तेवढ्या वेळात त्या मुली खर्च, विक्री, नफा, उधारी, घासाघीस आणि न्याय, एवढं सगळं शिकल्या. आईने नुसती मधून चव घेऊन ‘मीठ जास्त पडलंय गं’ म्हटलं असतं, तरी त्यातला एक प्रसंग कमी झाला असता. म्हणून मेळाव्याच्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक म्हणून या. विकत घ्या, भाव करा, सुट्टे मागा. खारट सरबत प्या आणि तसं सांगा. तुम्ही स्वतः रोज बाजारात बसता, हे सगळं तुमच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. ते मुलीलाही येऊ द्यायचं, तर तिला चुकायला एक दुपार द्यायला हवी.

शनिवारी आणखी एक गोष्ट होते, आणि तिच्यासाठी तरी मुलाला घरी ठेवू नका. इतर पाच दिवस वर्गात मागे असणारं मूल त्या दिवशी पुढे येतं. वाचताना अडखळणारा, फळ्याकडे पाहायचं टाळणारा चौथीतला मुलगा. आपत्ती व्यवस्थापनाच्या तासाला गुरुजी दोरी आणतात. बुडणाऱ्याकडे दोरी कशी टाकायची, कुठली गाठ सुटत नाही आणि कुठली ओढताच सुटते, हे दाखवायचं असतं. गुरुजींची गाठ दोनदा सुटते. हा मुलगा उठतो, दोरी हातात घेतो आणि न बघता गाठ मारतो. बापाबरोबर होडीवर गेलेले हात ते. मग सगळा वर्ग त्याच्याभोवती. वर्गातली हुशार मुलगी त्याला म्हणते, ‘परत दाखव ना, सावकाश.’ असा एक तास त्या मुलाच्या वाट्याला आला की सोमवारी तो वाचायला उभा राहतो तेव्हा आवाज थोडा मोठा निघतो. मी हे होताना पाहिलं आहे आणि त्यावर माझा पक्का विश्वास आहे. आपत्तीचा तास या भागात काही कल्पनेतला नाही. समोर समुद्र आहे, उत्तरेला तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे, आणि २०१८ च्या अखेरीपासून डहाणू-तलासरीकडच्या मुलांनी भूकंपाचे धक्के प्रत्यक्ष सोसले आहेत. टेबलाखाली डोकं झाकून बसायचा सराव त्यांना खेळात झालेला बरा.

खेळातून शिकवण्याबद्दल आपल्या जिल्ह्याला तर कोणी बाहेरून येऊन सांगायची गरजच नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला, आपल्याच किनाऱ्यावर, त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली आणि त्यांवर मोजणं, रंग, आकार शिकवले. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर वस्तीतल्या अंगणात शाळा भरवली, तीच अंगणवाडी. गुरं राखायला गेलेली मुलं तरीही यायची नाहीत, तर कुरणातच शाळा नेली, ती कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. देशभर जिला ‘अंगणवाडी’ म्हणतात, तिचा पाया डहाणू तालुक्यात घातला गेला. तेव्हा शिंपले मोजणारं मूल वेळ वाया घालवतंय, असं निदान आपण पालघरच्या लोकांनी तरी म्हणू नये.

सगळ्याच मुलांना हे दिवस आवडतात असं मात्र नाही, हेही सांगायला हवं. काही मुलांना गलका सोसत नाही. काहींना धावता येत नाही, काही हरले की रात्री जेवत नाहीत. असं मूल शनिवारी सकाळी पोट दुखतंय म्हणालं, तर त्याला नाटकी म्हणू नका. वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. त्याला गुण लिहायचं, शिट्टी वाजवायचं, घड्याळ बघायचं काम देता येतं, आणि दोन-तीन शनिवारांत ते आपणहून रिंगणात उतरतं. आणि घरी आल्यावर ‘कितवा नंबर आला?’ हे विचारू नका. शनिवारला नंबर नसतो. तो आपण घरून लावून द्यायचा नाही.

शेवटी एक मागणं, मुख्यतः वडील मंडळींकडे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी अंगणात पसरलेली, आणि तुम्ही एरवी घरी नसता ते त्या दिवसांत असता. शाळाही जूनच्या मध्यातच उघडते. त्यातल्या एखाद्या शनिवारी फाटलेलं जाळं आणि विणायची सुई घेऊन शाळेत या. वऱ्हांड्यात बसा आणि नेहमीसारखं काम करा. व्याख्यान द्यायला नको, मुलं विचारतील तेवढंच सांगा: जाळ्याची आस, म्हणजे भोक, केवढी ठेवायची, लहान पिलू त्यातून सुटून का जायला हवं, पापलेटला एक जाळं आणि बोंबलाला दुसरं का. रुपेरी पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. मुलांनी हे पुस्तकात वाचलं तर पाठ करतील, तुमच्या तोंडून ऐकलं तर घरी येऊन सांगतील. येण्याआधी दोन दिवस मुख्याध्यापकांना निरोप द्या, म्हणजे तिसरी-चौथीचे वर्ग वऱ्हांड्यात बसवता येतील. आणि सुई एकच आणू नका, चार-पाच आणा. मुलांना नुसतं बघत बसवणार नाही.