शिफ्ट सांभाळून चित्रकथा

प्रश्न : ओमानमधल्या दुक्मच्या रिफायनरीत माझी बारा तासांची शिफ्ट असते. इथल्या कॅम्पवर छोटी चित्रकथा काढून छापायची आहे. जमेल का?

उत्तर : नक्की जमेल. व्यंगचित्रकार वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते; ‘ललित’ मासिकातलं ठणठणपाळ हे विनोदी पात्र त्यांनी नोकरी सांभाळूनच रेखाटलं. आकार मात्र लहान ठेवा. ए-४ कागद तीनदा दुमडून मधे एक काप दिला, की आठ पानी पुस्तिका तयार. शिवण नको, पिन नको, एका बाजूची झेरॉक्स पुरते.

शिफ्टच्या दिवशी खिशातल्या वहीत फक्त कच्च्या चौकटी आखा. शाई सुट्टीच्या दिवशी. थकलेला हात रेघेत लगेच दिसतो. संवाद आधी लिहा, फुगा नंतर काढा. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळींत जास्त जागा लागते, आणि नवखे इथेच फसतात. मेसमधली रांग, समुद्रावरचा वारा, घरचा व्हिडिओ कॉल, हिंदी-मल्याळी मिसळलेली बोली जशीच्या तशी येऊ द्या. प्लांटची रचना आणि सहकाऱ्यांचे ओळखू येणारे चेहरे टाळा. नोकरीचा करारही वाचा. प्रती गावी रजेवर जाल तेव्हा काढा, पंचवीस पुरेत.