उजेडाला हात लाव, जनावराला नको

परवा ताडोब्याहून आल्या आल्या रात्री साडेअकराला तू मला त्या वाघिणीचे चार फोटो पाठवलेस. नुसता चेहरा, फ्रेमभर. फोकस अगदी डोळ्यावर. पण अंग संत्र्यासारखं, डोळे पाचूसारखे आणि मागचं मे महिन्यातलं वाळकं गवत पोपटी! अगं, मोहर्लीच्या बाजूला मे महिन्यात असं गवत कुठून येणार? फोटो तू चांगलेच काढले आहेस, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. वाईट असते तर दोन ओळींत आटपलं असतं.

तुझ्या आजोबांनी सदाशिव पेठेतल्या वाड्यात मोरीची डार्करूम केली होती. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की दाराला घोंगडी टांगायची, पाटावर एनलार्जर ठेवायचा, खाली तीन ट्रे. लाल दिव्यात मी शेजारी बसून हायपोचा ट्रे हलवायची. ते तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली लावून हरणाच्या डोळ्यावर सावली धरायचे. तेवढाच भाग कमी काळा व्हायचा. टिकली सारखी हलती ठेवायची, नाहीतर तिची कडा कागदावर उमटते. तू ब्रश घेऊन जे करतेस ते हेच. ते मला म्हणायचे, ‘उजेडाला हात लाव, जनावराला नको.’ मी तुला सांगणार आहे ते सगळं याच एका वाक्यातून आलेलं आहे.

पहिलं म्हणजे ज्या दिवशी परतलीस त्या रात्री एडिट करायला बसू नकोस. डोक्यात अजून जिप्सीतला थरार असतो आणि तो सगळा सॅच्युरेशनच्या स्लायडरवर उतरतो. चार दिवस जाऊ देत. मग दिवसा, पडदे अर्धे ओढून बस. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन भगभगीत दिसतो, म्हणून आपण फोटो काळा करत जातो. स्क्रीनचा ब्राइटनेसही निम्म्यावर आण.

मग निवड. एका वाघिणीच्या दोनशे फ्रेम असतील तर फक्त डोळा शंभर टक्के मोठा करून बघत जा. बुबुळातल्या रेषा सुट्या दिसल्या पाहिजेत आणि डोळ्यात आभाळाचा ठिपका हवा. तो ठिपका नसेल तर डोळा मेलेला दिसतो, आणि तो नंतर रंगवून आणायचा नसतो. शेजारच्या फ्रेममध्ये जनावराने मान दोन अंश वर केलेली असते, तिथे तो सापडतो. सकाळची फेरी संपता संपता ऊन तापलं की जमिनीवरून हवा थरथरते. त्या वेळी लांबून घेतलेल्या चेहऱ्याला कितीही शार्पनिंग दे, तो सुधारत नाही. तसे फोटो सोडून दे.

आता रंगाचं ऐक, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. वाघाच्या गालावरचं पांढरं कागदासारखं पांढरं नसतं. संध्याकाळी ते सोनेरी होतं, रस्त्याच्या धुळीतून उजेड आला की तांबूस, झाडाखाली हिरवट. व्हाइट बॅलन्स लावताना त्या पांढऱ्यावर क्लिक करून सगळं थंड, निळसर करू नकोस. तो फोटो संध्याकाळचा आहे, तर संध्याकाळ त्यात राहू दे. सावलीतला हिरवा रंग फार चढला असेल तर थोडा उतरव, तेवढाच. गालावरचे केस मात्र एकेक सुटे दिसले पाहिजेत. हायलाइट खाली ओढ आणि हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटलाय का ते बघ. रॉ फाईल असेल तर थोडंफार हाती लागतं. जेपेगमध्ये एकदा जळालेलं पांढरं परत येत नाही.

आणि डोळे. वाघाचं बुबुळ पिवळं, मधासारखं असतं आणि बाहुली आपल्यासारखी गोल. ब्रश फक्त बुबुळावर फिरव, बाहुली काळीच राहू दे. उजेड इतकाच वाढव, की बघणाऱ्याला तू काही केलंस हे कळू नये. मी तर हवा तेवढा वाढवते, चहा करून येते आणि मग निम्मा करते.

रंगाबाबत मी इतका हट्ट का धरते, ते आपल्या पुण्याचं उदाहरण देऊनच सांगते. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगे आहेत, हे तुला ठाऊक आहे. त्या कळपांत काही जनावरं वेगळ्याच फिकट, पिवळसर रंगाची दिसायला लागली. माळावर वर्षानुवर्षं हिंडणाऱ्यांना त्या रंगावरूनच शंका आली. पुढे जनुकीय तपासणी झाली आणि लांडग्यात गावकुत्र्याचा संकर झाल्याचं सिद्ध झालं. लांडग्याच्या वंशाला हा मोठा धोका आहे. आता विचार कर, एखाद्याने ‘लांडगा राखाडीच हवा’ म्हणून तो पिवळसरपणा स्लायडरने पुसून टाकला असता तर? भिगवणला गेलीस की रोहित पक्ष्यांच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेव. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पिल्लं मळकट, करडी असतात. सगळा थवा एकसारखा गुलाबी केलास, तर त्यातली लहान कोण आणि मोठी कोण हे तूच पुसून टाकतेस.

पट्ट्यांचंही तसंच. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते. व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ ओळखतात ते याच आधारावर. म्हणून चेहरा डावीकडे बघताना बरा वाटतो अशा कारणासाठी फोटो आरशासारखा उलटा करू नकोस. तसा वाघ जगात कुठेच नसतो. नाकावरचा ओरखडा, फाटका कान, कानामागचा गोचीड, ओठाला लागलेलं रक्त, रेडिओ कॉलर, हे सगळं राहू दे. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसलास तर हरकत नाही, तो तुझ्या कॅमेऱ्याचा आहे. नाकावर बसलेली माशी वाघिणीची आहे.

गवताची काडी डोळ्यावर आली असेल तर दुसरी फ्रेम शोध. हल्ली एका क्लिकवर काडी जाते आणि खालचा डोळा संगणक स्वतःच बनवून देतो. नॉइज घालवणारी नवी साधनंही कधीकधी नसलेले केस काढतात आणि मिशा एकमेकींना जोडून टाकतात. ती वापर, पण मिशांच्या मुळाशी असलेले ठिपके मूळ फाईलशी ताडून बघ. 1982 च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. चाळीस वर्षं उलटली, तरी त्या मासिकाला हे अजून ऐकावं लागतं. आणि नॉइजचं म्हणशील, तर पहाटेच्या अंधुक उजेडात 6400 आयएसओवर काढलेल्या फोटोला थोडा दाणा असणारच. आमच्या फिल्मलाही असायचा.

शार्पनिंग सगळ्या फोटोला एकदम देऊ नकोस. मास्किंग वाढवून ते डोळे, नाक आणि कपाळाच्या केसांपुरतं ठेव. मागच्या धूसर पानांना दिलंस तर तिथे नुसती कचकच दिसते. मागे एखादी पांढरी काडी नजर खेचत असेल तर ती पुसू नकोस, तिच्यावरचा उजेड उतरव. आजोबा मधल्या भागावर हात धरून कडांवर एनलार्जरचा जास्तीचा उजेड पाडायचे आणि चारी कोपरे किंचित काळे करायचे. तसंच कर, पण गोल काळी चौकट दिसता कामा नये.

क्रॉप करताना जिकडे नजर आहे तिकडे जागा सोड. कान कापायचा असेल तर ठामपणे काप. नुसतं टोक उडालं तर चूक वाटते. आणि हिशोब कर. 24 मेगापिक्सेलची फाईल 6000 बाय 4000 असते. लांबी-रुंदी निम्मी केलीस की उरले सहाच मेगापिक्सेल. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके धरले, तर ती 10 इंच बाय साधारण साडेसहा इंचांपलीकडे जात नाही. 12 बाय 18 साठी 5400 बाय 3600 लागतात. बालगंधर्वच्या कलादालनात कधी फोटो लावायचे मनात असेल, तर हा हिशोब जिप्सीत बसल्यावरच करायचा.

सरावाला कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे. खुशाल जा, बिबट्याच्या चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते शिक. पण फोटोखाली ‘कात्रज’ असं लिही. आणि रानातला फोटो कुणालाही पाठवण्याआधी फाईलमधली जागेची नोंद काढून टाक. बछडी कुठल्या नाल्यात आहेत हे तुझ्या फोटोवरून कुणाला कळता कामा नये.

प्रिंट स्क्रीनपेक्षा काळी येते. म्हणून मोठी काढण्याआधी डोळा आणि गाल येईल अशी एक छोटी पट्टी छापून घे. आजोबा दर फोटोला ब्रोमाइडची अशी पट्टी काढायचे, पाच सेकंद, दहा, पंधरा, आणि सकाळी अंगणात नेऊन उन्हात बघायचे.

रविवारी सकाळी ये. जेपेग नको, मूळ रॉ फायली आण, आणि ती माशी बसलेली फ्रेम नक्की आण. ती चारांत सगळ्यात चांगली आहे, तू मात्र ती शेवटी पाठवलीस.