दूरचित्रवाणीचा पडदा आणि चित्राची सुस्पष्टता

आज बहुतेक दूरचित्रवाणी संचांवर ‘एचडी’ ही अक्षरे ठळकपणे छापलेली असतात. तथापि केवळ त्या अक्षरांवरून चित्र किती सुस्पष्ट दिसेल, हे सांगता येत नाही. त्यासाठी पडद्यावरील बिंदूंची संख्या, चित्र संचापर्यंत येण्याचा मार्ग आणि पाहणाऱ्याचे अंतर या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

पडद्यावरील चित्र सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूला पिक्सेल म्हणतात. दूरदर्शनच्या जुन्या प्रक्षेपणात चित्राच्या ६२५ रेषा असत व त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असे. त्याच्या डिजिटल रूपात ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू येतात. एचडीचा एक प्रकार १२८० × ७२० बिंदूंचा आहे, तर ‘फुल एचडी’ १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचा. जुन्या चित्राच्या बरोबर पाचपट! ‘फोर-के’ पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बिंदू असतात.

बाजारातील अनेक ३२ इंची ‘एचडी रेडी’ संचांच्या पडद्यावर १३६६ × ७६८ बिंदू असतात. अशा संचाला फुल एचडी चित्र दिले, तर १०८० रेषांचा मजकूर ७६८ रेषांत बसवावा लागतो. म्हणजे दर ४५ रेषांच्या जागी ३२ रेषा. हा हिशेब पूर्णांकात सुटत नसल्याने शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. माणसाचा चेहरा पाहताना हा फरक फारसा जाणवत नाही; बारीक अक्षरांत मात्र तो लगेच उघड होतो. आपल्या लिपीत तर एका टिंबाने अर्थ बदलतो. अनुस्वार पुसट झाला, की ‘मंद’ हा शब्द ‘मद’ असा वाचला जाण्याचा संभव असतो.

याउलट, जुन्या दर्जाचे चित्र फुल एचडी पडद्यावर लावले, तर संच उरलेले बिंदू अंदाजाने भरतो. चित्र मोठे होते, पण मुळात नसलेला तपशील निर्माण होत नाही. म्हणून वाहिनी, सेट-टॉप बॉक्स व जोडणी या तिन्ही गोष्टी एचडी असणे आवश्यक आहे. पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांच्या जुन्या वायरीतून एचडी चित्र जात नाही. त्यासाठी एचडीएमआय वायर लागते. शिवाय प्रक्षेपणाच्या वेळी माहिती फार दाबून पाठविली असेल, तर वेगवान दृश्यांत चौकटी-चौकटी दिसतात. तो दोष पडद्याचा नव्हे.

आता अंतराचा विचार करू. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ४० इंची पडद्याची उंची सुमारे ५० सेंटिमीटर असते. त्यावरील फुल एचडी बिंदू सुमारे १.६ मीटरपलीकडून वेगळा दिसत नाही. त्याच आकाराच्या ७६८ रेषांच्या पडद्यासाठी हे अंतर सुमारे २.२ मीटर येते. त्याहून दूर बसणाऱ्याला या दोन पडद्यांतील फरक जवळजवळ जाणवणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातील शेवटच्या बाकाचा प्रश्न येथेच उभा राहतो. ६ मीटर अंतरावरून वाचण्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तक्त्यावरील अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते, आणि ती निरोगी डोळ्याची जवळजवळ सीमाच होय. जोडाक्षरे व मात्रा सहज वाचायच्या, तर अक्षर त्याच्या दुप्पट तरी हवे. तेथे फोर-के पडदा आणूनही बारीक अक्षर वाचता येणार नाही. अक्षर मोठे करावे लागेल, मोठा पडदा घ्यावा लागेल किंवा बाक पुढे आणावे लागतील.

सारांश, संच घेण्यापूर्वी सर्वांत दूरचा प्रेक्षक कोठे बसणार, हे आधी मोजावे. त्यावरून पडद्याचा आकार ठरवावा, मग बिंदूंची संख्या पाहावी आणि शेवटी चित्र कोणत्या मार्गाने येणार, हे तपासावे. या क्रमाने गेल्यास खर्च केलेल्या पैशाचे चीज होईल आणि शेवटच्या बाकावरील विद्यार्थीही पहिल्या बाकावरील मित्राइतकाच धडा वाचू शकेल.