वाणीची पाच स्थाने

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाङ्मय तप सांगताना सत्य, प्रिय व हितकर भाषणाबरोबर स्वाध्यायाचा अभ्यासही त्यात गणला आहे. या तपाचे साधन म्हणजे आपले मुख व कंठ. नित्य पाठ करणाऱ्या गृहस्थाने त्यांची रचना एकदा तरी नीट समजून घ्यावी.

फुप्फुसांतून निघालेला वायू श्वासनलिकेने कंठात येतो. तेथे स्वरयंत्रात दोन स्वरतंतू आहेत. ते कंप पावले की ग, ज, द असे घोष वर्ण होतात. न कंपले तर क, च, त हे अघोष. कंठावर बोट ठेवून आधी 'स्' व मग 'म्' लांबवावा, म्हणजे हा भेद बोटालाच कळेल. पुढे वायूला मुख व नासिका अशा दोन वाटा आहेत. ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते ते मृदू तालू वर उचलले की नासिकेची वाट मिटते. ते खाली आले की ङ, ञ, ण, न, म हे अनुनासिक उमटतात.

मुखात पाच स्थाने मानली आहेत: कंठ, तालू, मूर्धा, दंत व ओष्ठ. क-वर्गाचे स्थान सामान्यतः कंठ सांगतात. पाणिनीय शिक्षेत मात्र ते जिह्वामूल म्हटले आहे. जिभेचा मागील भाग मृदू तालूस लागतो, हे आजच्या शास्त्राचे निरीक्षणही त्याच्याशी जुळते. च-वर्गात जिभेचा मध्यभाग कठीण तालूस भिडतो. ट-वर्गात जिव्हाग्र मागे वळून टाळूच्या उंच भागाकडे, म्हणजे मूर्धेकडे जाते. त-वर्गात ते दातांस टेकते. प-वर्गात दोन्ही ओठ मिळतात. श, ष, स यांची स्थाने याच क्रमाने तालू, मूर्धा व दंत होत.

हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. पहिल्या अध्यायात अर्जुन 'स्वजन' पाहून व्याकूळ होतो. तेथे जीभ दातांपासून किंचित मागे सरली तर 'श्वजन' होते, आणि आप्तांच्या जागी कुत्री उभी राहतात! आपण मराठी माणसे 'चमचा' शब्दातील दंत्य च सवयीने संस्कृतातही आणतो. 'जगत्' म्हणताना ज तालव्यच हवा. 'ज्ञान' शब्दात ज् व ञ दोन्ही तालव्य आहेत. त्याचे मराठीत 'द्न्यान' व हिंदीत 'ग्यान' होते.

अशुद्ध उच्चारामुळे भक्ती व्यर्थ जाते, असे कोणी समजू नये. परंतु जे प्रेमाने म्हणावयाचे, ते काळजीनेही म्हणावे. रोज एकच श्लोक, सावकाश, प्रत्येक वर्णाचे स्थान ओळखून म्हणावा. घरातील मुले ऐकतात, तसेच उचलतात.