तायकोच्या वर्गाला जाताना

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात रुळलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांचा नव्यांना आग्रह असतो, की मुलांना तायकोला, म्हणजे जपानी ढोलवादनाला, घालणार असाल तर स्वतःही शिका. सॅन होजेच्या जपानटाऊनसारख्या वस्त्यांत, बौद्ध मंदिरांच्या सभागृहांत आणि कम्युनिटी सेंटरांत हे वर्ग भरतात.

ढोलपथकातून आलेल्यांना ताल पटकन सापडतो, पण मनगटाची सवय आड येते. इथे डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, उजवा पाय मागे ताणलेला ठेवतात. बाची, म्हणजे जाड लाकडी काठी, खांद्यापासून सरळ वर जाते आणि अंगाचं वजन घेऊन खाली येते. सुरुवातीला पोटऱ्या दुखतील. त्या दुखायलाच हव्यात. तबला शिकलेल्यांना पद्धत ओळखीची वाटेल, कारण आधी बोल तोंडाने म्हणायचे असतात. ‘डोन’ हा मधला भरीव ठोका, ‘डोको’ दोन जलद ठोके, ‘का’ कडेवरचा, आणि ‘सु’ ही मोकळी सोडलेली मात्रा. हे बोल गाडी चालवतानाही घोकता येतात.

सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी पॅकिंग टेप ताणून बसवलेल्या जुन्या टायरवर वाजवायला देतात. वाईट वाटून घेऊ नका. नागादो तायको, म्हणजे वर्गातला खरा लांबट ढोल, एकाच खोडातून कोरतात. तो महाग असतो आणि जडही. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरीच ठेवा, ढोलावर टेकू नका, पाण्याची बाटली तर त्यावर कधीच ठेवू नका. फोडांसाठी चिकटपट्टी आणि कानांसाठी इअरप्लग मात्र न्या.

एक गोष्ट आधीच घरात बोलून घ्या: नागादोचं पान बहुधा गाईच्या कातड्याचं असतं. काही कुटुंबांनी एवढ्यासाठी वर्ग सोडला, काहींनी शिक्षकांना विचारून टायरवरच शिकणं चालू ठेवलं. जपानमध्ये कातडं कमावणाऱ्यांना शतकानुशतकं अपवित्र ठरवून गावाबाहेर ठेवलं गेलं, तायको मात्र देवळात मानाने वाजला. ओसाकाच्या नानिवा भागात, अशाच वस्तीत, 1987 मध्ये ‘इकारी’ हा वादकांचा गट उभा राहिला. चांभार, मांग, ढोर या जातींनी आपल्याकडे काय सोसलं ते ठाऊक असलेल्या मराठी माणसाने हा इतिहास मुलांना सांगायलाच हवा.

तायको इथवर कसा आला तेही समजून घ्या. अनेक ढोलांचा गट एकत्र वाजवण्याची आजची पद्धत 1951 मध्ये जपानमधल्या नागानोतल्या दाइहाची ओगुची या जॅझ ड्रमवादकाने घडवली. 1968 मध्ये सेइची तानाका यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ती शिकवायला सुरुवात केली. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सरकारने सुमारे 1,20,000 जपानी-अमेरिकनांना छावण्यांत कोंडलं होतं. सॅन होजे तायको हा गट 1973 मध्ये उभा राहिला तो त्यांच्या पुढच्या पिढीतल्या तरुणांमुळे. म्हणून वर्गात आपण पाहुणे आहोत हे ध्यानात असू द्या. सुरुवातीला ‘ओनेगाइशिमासु’, म्हणजे नम्र विनंती, म्हणून वाका, सरावानंतर ढोल उचलायला आणि फरशी पुसायला थांबा, जुलैत ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या, सणाला खुर्च्या मांडायला जा.

गणेशोत्सवात तायको वाजवावा असं बहुतेकांच्या मनात येतं. अनेक रचनांना कर्ते असतात आणि त्या गटाच्या मानल्या जातात, तेव्हा कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी शिक्षकांची परवानगी घ्या. सॅन होजे तायकोच्या पी. जे. हिराबायाशी यांची ‘एइ जा नाइ का’ ही रचना पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांच्या कष्टांवर आहे. विचारायचंच तर पहिल्यांदा तिच्याबद्दल विचारा.